विजयाचं कार्ड वर का येत नाही

राज्यांची फेररचना झाली, आणि नागपूर आता दुसऱ्या राज्यात गेलं होतं.

डागी संत्री पेटीच्या तळाशी जातात.

हळदीकुंकवाच्या दिवशी विजया परसात भांडी घासत बसायची.

कोणत्याही संख्येला शून्यानं गुणलं की शून्य.

अरविंद मास्तर सौसरला गणित शिकवायचे. पत्रिका न पाहता लग्नं जुळावीत, म्हणून समाजाच्या मंडळात त्यांनी एक पद्धत काढली. प्रत्येक मुलीचं एक कार्ड. शिक्षण, प्रकृती, घरकाम, सेवा यांना अंक. मुलाकडच्यांनी जे मागितलं, त्याला जास्त वजन. सगळ्यांचा गुणाकार करायचा, मोठ्या आकड्याचं कार्ड वर.

विजयानं आपलं कार्ड स्वतः आणून दिलं. सातवी पास, विधवा, भावाकडे राहणारी. भावाची, रघुनाथरावांची, नव्या राज्यात बदली झाली होती. दिवाळीनंतर ते नागपूरला जाणार होते, आणि विजया बोरगावला, सासरच्या मागच्या अंधाऱ्या खोलीत.

पांढुर्ण्याच्या मुकुंदरावांना दुसरेपणाची बायको हवी होती. शिकलेली, आजारी आईचं करणारी. विजयाचं कार्ड तळाशी. मास्तरांनी शिक्षणाचं वजन वाढवलं. तळाशीच. सेवेचं वाढवलं. तळाशीच. मग ते एकेक रकाना झाकून पाहू लागले. शेवटचा झाकला, आणि विजया पहिली आली.

तो रकाना मंडळानं घातला होता: 'शुभ'. तिथं तिला शून्य.

मास्तरांनी गुणाकार सोडला, बेरीज धरली. विजया पहिलीच राहिली.

"मास्तर, तुमचं गणित चुकून राहिलं," मुकुंदराव कार्ड पाहून म्हणाले.

"तुम्ही मागितलं तेच आहे जी."

"हे का सांगा लागते? मले कुवारी पाहिजे."

"तुमचंही दुसरंच लग्न ना?"

"माणसाचं काय घेऊन बसले!"

मंडळाचे अध्यक्ष यशवंतराव खो खो हसले. "गणिताचा मास्तर, अन् बेरजेत फसून राहिला!"

संध्याकाळी विजया आली. "काय झालं जी?"

"'शुभ'च्या रकान्यात दोष सापडला. दुरुस्तही केला."

"मंग?"

मास्तर कार्डं पेटीत परत ठेवू लागले.

"तुमच्याही लग्नाचं पाहून राहिली ना तुमची माय?" तिनं विचारलं. "तुमच्यासाठी कार्डं लावली, तवा तो रकाना झाकला होता काय?"

मास्तर पेटीचं झाकण लावू लागले. ते नीट बसेना.

"राहू द्या," ती म्हणाली, आणि आपलं कार्ड घेऊन गेली.

बोरगावची बैलगाडी शाळेवरूनच गेली. मास्तर फळ्याकडे तोंड करून उभे होते. मागून एक पोरगा म्हणाला, "गुरुजी, उत्तर लिहा ना."

वैशाखात मास्तरांचं लग्न झालं. कार्ड मंडळानं काढून दिलं.

विजयाचं लग्न झालं होतं तेव्हा ती नऊ वर्षांची होती. त्याच पावसाळ्यात नवरा हिवतापानं गेला.