वाकवून बघितलं तर

मी टायमिंग बेल्ट बोलतोय. गाडीतला सगळ्यात गप्प भाग. हॉर्न ओरडतो, ब्रेक किंचाळतात, सायलेन्सर तर खोकतच असतो. मी मात्र तुटतानासुद्धा आधी काही सांगत नाही. आता दमून बाहेर पडलोय, तर एकदा बोलून घेतो.

रबर आणि धागे यांतून माझा जन्म झाला. आतल्या बाजूला दातांची रांग. नांदेडच्या एका दुकानात खिळ्याला टांगलेला होतो, तिथून कंधारच्या भागवत मास्तरांनी मला नेलं. इंजिनाचं खालचं चाक फिरलं की वरचं चाक त्याच तालात फिरवायचं, एवढंच माझं काम. शेजारी टेन्शनर. मी सैल पडू नये म्हणून तो मला सतत दाबून धरायचा. त्याच्यावर राग नाही, पण विसावा म्हणजे काय ते आम्हा दोघांनाही कधी कळलं नाही.

मास्तर मूळचे किल्लारीकडचे. भूकंपात घर गेलं, घरातले आईवडील गेले. मास्तर तेव्हा परगावी होते. "जमिनीनं आधी एक शब्द सांगितला न्हाई," असं ते म्हणायचे. तेव्हापासून त्यांचा नियम एकच: न सांगता तुटणारी वस्तू तुटायच्या आधी बदलायची. गॅसची नळी, विजेची वायर, गाडीचा पट्टा. तेही स्वतःच्या हातानं.

त्यांची मुलगी शिल्पा बारावीला. क्लास लातूरला, हॉस्टेलही तिथंच. तिला सोडायला आम्ही कितीदा गेलो! लातूर जवळ आलं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पोरांचे हसरे फोटो, खाली मोठ्या आकड्यांत मार्क. माझा संताप व्हायचा. ज्यांचे फोटो लागत नाहीत ती पोरं कुठं जातात, हे एकाही फलकावर लिहिलेलं नसतं.

सुरुवातीला शिल्पा वाटभर बोलायची. अहमदपूरला चहाला थांबायचा हट्ट करायची. पुढं नुसतीच खिडकीबाहेर बघायला लागली. मास्तर विचारायचे, "बरी हायस न्हवं?" ती म्हणायची, "हाव." मास्तरांना तेवढं पुरायचं.

खंडेनवमीला सकाळी मास्तरांनी बॉनेट उघडलं. दुसऱ्या दिवशी शिल्पाला परत पोचवायचं होतं. तिची बॅग भरून ओसरीत ठेवलेली. मला काढण्याआधी चाकाची जागा ध्यानात राहावी म्हणून खूण करायची होती. घरात रंग मिळेना. त्यांनी पूजेच्या ताटातलं कुंकू तेलात कालवून वरच्या चाकावर एक टिपका दिला, त्याच्यासमोर मागच्या पत्र्यावर दुसरा. मग टेन्शनर सैल करून मला उतरवलं, पोत्यावर ठेवलं आणि नवं सामान आणायला आत गेले. मी निघताच वरचं चाक जरासं हललं.

तेवढ्यात त्यांच्या पत्नी तारामती ताट घेऊन आल्या. पान्यांना, पकडीला, विळीला कुंकू लावलं. उघड्या चाकालाही एक बोट टेकवलं आणि गेल्या.

मास्तर आले. टिपक्यासमोर टिपका धरून नवा पट्टा चढवला. चावी फिरवली, तर गाडी हिवताप भरल्यासारखी थडथडली आणि बंद पडली.

मास्तरांनी वाकून पाहिलं. चाकावर दोन टिपके!

"चाकाला कुंकू कुणी लावलं?"

"मीच की," तारामती म्हणाल्या. "खंडेनवमीला लोखंड कोरं ठेवतेत व्हय?"

"अगं, तिथं टायमिंगचा मार्क होता माझा! मार्क चुकला म्हणून गाडी चालंना."

"तुमचा मार्क बी कुंकवाचा असतोय, हे मला काय म्हाईत!"

शिल्पा हसली. मी तिचं हसू विसरूनच गेलो होतो. म्हणाली, "अप्पा, लातूरला बी हेच म्हणतेत. मार्क चुकला की गाडी बंद."

मास्तरही हसले आणि पुन्हा सगळं उघडायला बसले. शिल्पानं मला उचललं.

"ह्यो तर चांगला दिसतोय की. कशाला बदलला?"

"वरून काय कळतंय? उलटा वाकवून बघ."

तिनं वाकवलं. माझ्या दातांच्या मुळाशी बारीक भेगा उघडल्या.

"तुटायच्या आधी आवाज करत न्हाई का?"

"न्हाई ना. म्हणून तर आधीच बघावं लागतंय."

ती त्या भेगांवरून बोट फिरवत राहिली. मग हळूच म्हणाली, "अप्पा, मी बी आवाज करत न्हाई."

मास्तरांच्या हातातला पाना थांबला.

"मला झोप येत न्हाई. पुस्तक उघडलं की रडू येतंय. तुमी विचारता, मी हाव म्हणते. तुमी इतक्या लांबून येता, अजून काय म्हणू?"

मास्तर उठले, ओसरीतली बॅग उचलून आत नेली. बॅगेच्या पांढऱ्या पट्ट्यांवर त्यांच्या ग्रीसच्या बोटांचे काळे ठसे उमटले.

"आन् परीक्षा?" तारामतींनी दबकत विचारलं.

"परीक्षेचं नंतर बघू. आधी हिला बघू."

दुपारी मार्क जुळला, गाडी नीट चालली. तिची पहिली फेरी लातूरला नाही, नांदेडला डॉक्टरांकडे झाली. येताना चहाला थांबले म्हणे.

आता मी त्यांच्या फाटकाला बांधलेला आहे. वाऱ्यानं ते आपटू नये, एवढंच काम. टेन्शनर नाही, ताण नाही. शिल्पा कंधारच्याच कॉलेजात जाते. पुढं काय होईल ते मला माहीत नाही. फाटक उघडताना ती कधी गुणगुणते, कधी नाही.

सुट्ट्या संपल्या की समोरच्या रस्त्यानं लातूरकडे गाड्या धावतात. मागच्या सीटवर कुणीतरी खिडकीबाहेर बघत बसलेलं असतं. मला ओरडावंसं वाटतं: अहो, गाडी थांबवा! मागं वळून नीट बघा! "बरी हायस न्हवं" एवढं विचारून पुढं जाऊ नका.

आम्ही न बोलणारे, विचारलं की "हाव"च म्हणतो.