बारा जणांचे दाजी

तिसऱ्या गाळ्याचं कापड अर्ध्यावर आलं होतं, तेव्हा वारा उठला. दाजींनी दोर न सोडता वर पाहिलं. तंबूच्या ॲल्युमिनियमच्या उंच कमानी एकामागे एक उभ्या होत्या, दर दोन कमानींमध्ये एक गाळा. पहिल्या दोन गाळ्यांवर पांढरं कापड ताणून बसलं होतं, तिसऱ्यावर ते फुगून फडफडत होतं. फडफड त्यांना दिसत होती. ऐकू येत नव्हती.

ही गोष्ट त्या मैदानावर दोघांनाच ठाऊक होती. एक स्वतः दाजी, आणि दुसरा तंबूच्या पलीकडच्या बाजूला उभा असलेला त्यांचा मेव्हणा.

दाजी सव्वीस वर्षं मोठे तंबू उभारत होते. प्रदर्शनांसाठी, सभांसाठी, एकदा तर इमारत पडायला आलेल्या शाळेसाठी अख्खं वर्षभर. सुरुवात घणापासून झाली. खांबाखालच्या पाट्या जमिनीत बसवायला हातभर लांबीच्या लोखंडी खुंट्या ठोकाव्या लागतात, आणि एका तंबूला त्या दोन-अडीचशे तरी लागतात. लोखंडावर लोखंड, दिवसभर. पहिली दहा वर्षं दाजींनी तेच केलं. मग ते मुकादम झाले आणि बायकोच्या धाकट्या भावाला त्यांनी कामावर लावून घेतलं. तो त्यांना दाजी म्हणायचा, म्हणून त्याच्या जोडीचाही म्हणू लागला, आणि बघता बघता सगळी टोळीच म्हणू लागली. नव्या माणसाला वाटायचं, दाजी हा कंपनीतला हुद्दाच असावा. मॅनेजर चिडवायचा, दाजी, मेव्हणे बारा तर बायका किती? दाजी म्हणायचे, एकच, पण बाराजणींना भारी.

कान गेले ते चोरपावलांनी. आधी घड्याळाची टिकटिक गेली, मग पाखरं गेली, मग बायकोचं स्वयंपाकघरातून बोलणं गेलं. बायको शहाणी. ती काही न म्हणता समोर येऊन, तोंडाकडे तोंड करून बोलायला लागली. डॉक्टरकडे चला म्हणून तिने दोन वर्षं पाठपुरावा केला. दाजींचं उत्तर ठरलेलं होतं. कानात यंत्र घालून कामावर गेलो तर दुसऱ्या दिवशी मला गोदामात कापडं धुवायला बसवतील. आणि ते खरंही होतं, कारण या कामात मुकादमाचे कान लागतात.

कापडाच्या दोन्ही काठांत जाड दोरी शिवलेली असते. ते काठ दोन कमानींच्या खोबणींत घालायचे, कापडाला दोर बांधून ते छपरावरून पलीकडे टाकायचे आणि तिकडून आठ जणांनी ओढायचं. अलीकडचे चौघे कापड खोबणीत भरवत राहतात. एका बाजूला ‘ओढा’ म्हणणारा एक, दुसऱ्या बाजूला ‘थांबा’ म्हणणारा एक. कापड कुठे अडकलं आणि तरीही ओढलं, तर ते फाटतं, नाहीतर माणूस दुखावतो. ओढा म्हणणारे दाजी होते, थांबा म्हणणारा मेव्हणा. एरवी मोकळ्या सांगाड्यातून पलीकडचं सगळं दिसतं. मेव्हणा हात वर करायचा आणि दाजी थांबवायचे. हाक आणि हात बरोबरच येत, त्यामुळे दाजींनी काय ऐकलं आणि काय पाहिलं, याचा कोणाला पत्ता लागला नाही.

त्या दिवशी मात्र आयोजकांनी प्रदर्शनाची यंत्रं आधीच आणून आत उभी केली होती. घराएवढी खोकी. पलीकडचं काही दिसेना. मेव्हण्याने सकाळीच दाजींना बाजूला घेतलं आणि समोर उभं राहून सांगितलं, की हात दिसणार नाही, म्हणून थांबायचं असेल तेव्हा तो कापडाला दोन झटके देईल. दोरावरचा हात काढू नका. दाजींनी मान हलवली. दोन गाळे तसेच, हाताच्या अंदाजाने, बिनबोभाट झाले.

मग वारा आला. दोर आपणहून झटके खायला लागला.

दाजी मॅनेजरकडे गेले आणि काम थांबवू या म्हणाले. मॅनेजरने आकाशाकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. उद्या सकाळी उद्घाटन होतं. एवढा गाळा तरी पुरा करा, अर्धवट कापड फाटलं तर जबाबदारी कोणाची, असं त्याने विचारलं. पूर्वीचे दाजी असते तर दोर टाकून सरळ खाली बसले असते. तसे ते दोन-तीनदा बसलेही होते आणि मालकाने त्यांचंच खरं केलं होतं. पण अलीकडे ते कोणाशी हुज्जत घालत नसत. हुज्जतीत समोरचा भराभर बोलतो, मधेच तोंड फिरवतो. ते परत आले, दोर घट्ट धरला आणि म्हणाले, “ओढा.”

कापड हातभर आलं आणि अडलं. दाजींच्या तळव्यात झटका बसला, मग आणखी एक, मग पुष्कळ. त्यांनी कपाळाला आठ्या घालून वर पाहिलं. कापड वाऱ्याने उसळत होतं. शेजारी उभा असलेला लंबू, टोळीतला सगळ्यांत उंच माणूस, त्यांच्याकडे वळून बघत होता. त्याच्या हातातला दोर सैल पडला होता. दाजींना वाटलं, हा दमला.

“ओढा,” ते पुन्हा म्हणाले. “जोर लावा.”

आठ जणांनी जोर लावला. कापड एकदम सुटलं आणि सरसरत वर गेलं, इतकं सहज, की दोघंतिघं मागच्या मागे बसले. दाजींना बरं वाटलं. मग त्यांनी पाहिलं, की सगळे दोर टाकून पलीकडे पळताहेत.

मेव्हणा खांबाच्या पायाशी पडला होता. खोबणीच्या सांध्यात काठ अडकला म्हणून तो शिडीवर चढला होता. एका हाताने काठ सोडवत होता, दुसऱ्या हाताला त्याने कापडाचा वेढा घेतला होता. सुटलेल्या कापडाने त्याला शिडीवरून ओढलं आणि चौदा फुटांवरून तो मानेवर आला. डोळे उघडे होते, शुद्ध होती. दाजी त्याच्या तोंडाशी वाकले. ओठ हलत होते, पण इतके किंचित, की दाजींना एकही शब्द वाचता आला नाही.

तिसऱ्या दिवशी मॅनेजर एका कारकुनाला घेऊन हॉस्पिटलमध्ये जबानी घ्यायला आला. मानेखालचं शरीर गेलं आहे, हे तोपर्यंत डॉक्टरांनी सांगितलं होतं. मेव्हण्याची बायको खाटेच्या कडेला बसून नवऱ्याच्या पायांवरची चादर सारखी करत होती. त्याला ती जाणवणार नाही, हे तिला कळलं होतं, तरी करत होती. मेव्हण्याने सांगितलं, शिडीवरून पाय घसरला. कोणाची चूक नाही. कारकुनाने लिहून घेतलं आणि त्याचा हात धरून अंगठा उमटवला.

ते गेल्यावर दाजी खाटेजवळ गेले. मी खरं काय ते सांगणार आहे, असं ते म्हणाले. आपल्याला किती मोठ्याने बोलावं हे हल्ली कळत नाही, हे शेजारच्या खाटेवरचा माणूस वळून बघू लागला तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. मेव्हण्याने ते शांत होईपर्यंत वाट पाहिली. मग एकेक शब्द सुटा करून, ओठ नीट हलवून बोलला.

“पाय माझा होता. तो घसरला की नाही, हे मी सांगणार. तुम्ही नाही.”

दाजी काही तरी म्हणायला गेले, तर त्याने डोळे मिटून घेतले. डोळे मिटलेल्या माणसाशी दाजींना बोलताच येत नसे.

पुढच्या आठवड्यात तो तंबू उतरवायचा होता. दाजी कामावर गेले. टोळीने त्यांना सकाळी राम राम केला, दुपारी जेवायला हाक मारली, म्हणजे खांद्याला हात लावून बोलावलं. तेव्हा त्यांना उमगलं, की आता सगळ्यांना कळलेलं आहे. संध्याकाळी कापडांच्या घड्या घालताना लंबू त्यांच्या समोरच्या टोकाला आला. दाजींनी त्याला विचारलं, त्या दिवशी ‘थांबा’ ऐकू आलं होतं का.

लंबूने हातातली कड खाली ठेवली.

“आलं होतं,” तो म्हणाला. “चारपाच वेळा आलं. पण तुम्ही ओढा म्हणालात, म्हणून ओढलं.”

मग दोघांनी मिळून घडी पुरी केली. कापडाची टोकं जुळवली, हवा काढली, वरून हात फिरवला.

दाजींनी दुसऱ्या दिवशी मॅनेजरला सगळं सांगितलं. मॅनेजर ऐकून घेत होता. मधे एकदा त्याने उठून दार लावून घेतलं. जबानीचा कागद वर गेला आहे, तो आता बदलला तर तुमच्याच मेव्हण्याला खोटं पाडल्यासारखं होईल, त्याला जे मिळायचं तेही अडकेल, असं त्याने त्यांना एका कागदावर लिहून दाखवलं. त्याचं अक्षर वळणदार होतं. खाली त्याने लिहिलं, ‘आता कोणाला हवंय ते, दाजी?’ तो कागद दाजींनी वाचल्यावर त्याने परत मागून घेतला आणि फाडला. सोमवारपासून दाजींची नेमणूक गोदामात झाली.

घरी बायको सकाळी उठत होती, डबा भरत होती, भावाकडे जाऊन येत होती. ती आपल्याशी बोलत नाही, हे दाजींना दोन दिवसांनी कळलं. इतके दिवस ती समोर यायची म्हणून बोलणं होतं. आता ती समोर येत नव्हती, एवढंच. पाठमोरी ती स्वयंपाकघरात काही बोलतही असेल, पण ते त्यांना कसं कळणार? ते धरून चालले, की हा राग आहे आणि तो रास्त आहे. भाऊ तिने आईसारखा वाढवला होता. आठवडा गेला, महिना गेला. दाजी आपलं ताट आपण घासू लागले.

शेवटी एका दुपारी ते स्वतःच कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आले. नसच गेलेली आहे, यंत्राने आवाज येईल, शब्द येणार नाहीत, असं डॉक्टरने सांगितलं. ती चिठ्ठी त्यांनी बायकोच्या पुढ्यात ठेवली. तिने ती वाचली, घडी घातली आणि बऱ्याच दिवसांनी त्यांच्याकडे तोंड करून बसली.

“राग नाही तुमच्यावर,” ती म्हणाली. दाजी तिच्या ओठांकडे बघत होते. “मीच सांगितलं होतं त्याला. दोन वर्षांपूर्वी. म्हटलं, दाजींना ऐकू येत नाही, कुणाला कळू देऊ नकोस, तू सांभाळून घे.”

ती थांबली. दाजींना वाटलं, आपण काही शब्द चुकलो. पण ती बोलायचीच थांबली होती.

“तो नाही म्हणत होता,” ती म्हणाली. “मी गळ घातली.”

त्यानंतर त्या घरात त्या दिवसाबद्दल कोणी बोललं नाही. ती पुन्हा समोर यायला लागली, भाजी काय आणायची, गॅस संपत आला आहे, असं सांगायला. दाजींना वाटायचं, ती रागावली असती तर निदान एक जण तरी सुटला असता.

गोदामात काम सोपं होतं. उतरवून आणलेली कापडं सिमेंटच्या ओट्यावर पसरायची, लांब दांड्याच्या ब्रशाने घासायची, पाणी मारायचं, वाळत घालायची. बरोबर दोन म्हातारे होते. ते त्यांना ‘ओ’ म्हणत, नाहीतर पाण्याचे शिंतोडे उडवून लक्ष वेधत. दाजी म्हणणारं तिथे कोणी नव्हतं. कधी एखाद्या कापडाच्या काठावर तपकिरी डाग निघायचा. गंजाचा असायचा. दाजी तो तासभर घासत बसायचे.

मेव्हण्याला चार महिन्यांनी घरी आणलं. त्याची बायको आता एका शिवणाच्या कारखान्यात जात होती. दर दोन तासांनी त्याला कूस बदलून द्यावी लागे, ते शेजारणी करत. रविवार दाजींचा. तिने तो मागितला नव्हता, दाजींनी विचारलंही नव्हतं. पहिल्या रविवारी ते दारात उभे राहिले आणि तिने बाजूला होऊन वाट दिली. “या दाजी,” ती म्हणाली, आणि बादली भरायला गेली.

अंग पुसून झालं की दाजी त्याची दाढी करायचे. पहिल्यांदा हनुवटीवर कापलं होतं, आता सवय झाली होती. मेव्हण्याचा चेहरा अर्धा झाला होता आणि दाढी मात्र पूर्वीसारखीच दाट यायची. एका रविवारी दाजींनी त्याला उशीला टेकवून बसवलं, मानेला टॉवेल गुंडाळला आणि ब्रशाने फेस केला. दोन्ही गाल, हनुवटी, ओठांच्या वर. खिडकीतून ऊन त्याच्या तोंडावर येत होतं. डावा गाल झाला. वस्तरा धुवायला दाजी वळले आणि पुन्हा त्याच्याकडे पाहिलं, तर तो बोलत होता. फेसाखाली ओठ हलत होते, पण एकही शब्द ओळखू येत नव्हता. लांबलचक काहीतरी होतं. मधे तो थांबला, डोळे खिडकीकडे गेले, परत आले, आणि त्याने पुन्हा सुरुवात केली. शेवटी त्याच्या भुवया उंचावल्या, म्हणजे त्याने काहीतरी विचारलं होतं आणि तो उत्तराची वाट बघत होता.

दाजींनी फेस पुसायला टॉवेलाचं टोक उचललं. मेव्हण्याचे डोळे भरून आले होते. हे सगळं पुन्हा एकदा बोलायची ताकद त्याच्यात असेल असं दाजींना वाटलं नाही.

“हो,” दाजी म्हणाले.

मेव्हण्याने डोळे मिटले. त्याच्या कपाळावरची शीर हळूहळू सैल झाली. दाजींनी टॉवेलाचं टोक सोडलं, दोन बोटांनी त्याची हनुवटी धरून चेहरा आपल्याकडे वळवला आणि उजव्या गालावर वस्तरा टेकवला.