मागाच्या खड्ड्यातलं पाणी

पहिला तांब्या अंगणात पडला तशी तापलेल्या मातीनं चर्र केलं, आणि त्याच वेळी मागे खुर्ची उचलल्याचा आवाज आला. रुख्माबाईंनी वळूनही पाहिलं नाही.

"निंगाले?"

"हाव. बसतो जरा तिकडे," बाबनराव म्हणाले.

"मंग मी इथं कोनासाठी पानी मारून राहिली?"

"तू मार नं. आलोच मी."

प्लास्टिकची खुर्ची काखोटीला मारून, दम खात खात, नवरा समोरच्या इंदूबाईंच्या फाटकातून आत गेलासुद्धा.

इंदूबाईंच्या पुण्यातल्या मुलानं आईसाठी फवाऱ्याचा पंखा पाठवला होता. माणसाएवढा उंच, खाली पाण्याची टाकी, आणि समोरून असे बारीक तुषार की अंग भिजत नाही पण गार होतं. तो येईपर्यंत मे महिन्यातली गल्लीची संध्याकाळ रुख्माबाईंच्याच अंगणात भरायची. पंखा आला आणि सगळे तिकडे गेले. गल्लीचं एक वेळ सोडा, गल्ली फितूरच असते. पण नवऱ्यानंही जावं?

अंगणात पाणी मारणं म्हणजे बादली उपडी करणं नव्हे. आधी हलक्या हातानं शिंपायचं, मातीतला ताव निघू द्यायचा, थोडं थांबायचं आणि मग दुसरा हात मारायचा. रुख्माबाई हे शिकल्या नव्या नवरीपणी. तेव्हा अंगणाच्या कडेला पडवीत बाबनरावांचा हातमाग होता. उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत सूत सारखं तुटायचं, म्हणून मागाखालची जमीन ओली ठेवावी लागे. बाबनराव मागाखालच्या खड्ड्यात पाय सोडून विणत बसत आणि रुख्माबाई भोवती पाणी शिंपत. एखादा थेंब मुद्दाम त्यांच्या पायावर पडायचा. ते मान वर न करता हसायचे. त्या हसण्यावर रुख्माबाईंनी अर्धा संसार काढला.

मग माग विकला. खड्डा बुजवला, तरी ती जागा जरा खचलेलीच राहिली. बाबनराव कळमन्याच्या बाजारात मिरचीची पोती वाहू लागले आणि त्यांच्या छातीत मिरचीची जी धूळ बसली ती उठलीच नाही. हसायला गेले की खोकला यायचा, म्हणून त्यांनी हसणंच सोडलं होतं.

आणि आता समोरच्या फाटकाआडून तेच हसणं ऐकू आलं. इंदूबाई काहीतरी म्हणाल्या आणि बाबनराव हसले. खोकल्याशिवाय, चांगले मोकळे हसले.

रुख्माबाईंचा नुसता जळफळाट झाला. नवऱ्यानं सवत आणली असती तर तिच्या झिंज्या तरी धरता आल्या असत्या. पंख्याचं काय धरणार?

दुसऱ्या दिवशी दुपारीच त्या माळ्यावर चढल्या. कळमन्याहून आलेली रिकामी पोती तिथं किती वर्षांपासून पडून होती. ती त्यांनी अंगणाच्या पश्चिमेला रोवलेल्या लाकडी बल्ल्यांना टांगली आणि तांब्या तांब्यानं भिजवली. ओल्या पोत्यातून आलेली गरम हवा गार होऊन येते, हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं. पोती आधी धुवायला हवी होती, हेही माहीत होतं. पण नळ एक दिवसाआड, आणि पोटातली आग धुण्याची वाट बघेना. त्या घरोघरी सांगून आल्या. इंदूबाईंच्या फाटकाशी जरा जास्तच गोड झाल्या.

"तुमी बी या, इंदूबाई. एक दिवस तुमच्या पंख्याले आराम."

संध्याकाळी अंगण भरलं. बाबनराव आपल्या जुन्या जागी, खाटेवर बसले. शेजारची दामिनी म्हणाली, "काकू, काय मस्त गार वाटून राहिलं!"

रुख्माबाईंनी तिरक्या नजरेनं इंदूबाईंकडे पाहिलं. आयुष्यात इतकं सुख त्यांना क्वचितच झालं असेल.

तेवढ्यात वाऱ्याचा मोठा झोत आला. पोत्यांच्या वरच्या कडा कोरड्याच राहिल्या होत्या. शिवणींमध्ये दडलेली मिरचीची पूड उडाली आणि अंगणभर पसरली. आधी दामिनी शिंकली, मग सगळेच. बायका पदर तोंडाला लावून पळाल्या. बाबनरावांचा मात्र खोकला थांबेना, श्वास वर चढला, ओठ काळे पडले.

"उठा भाऊ, चाला तिकडे!" इंदूबाईंनीच त्यांना दंडाला धरून उठवलं, रस्ता ओलांडून नेलं आणि पंख्यासमोर बसवलं.

रुख्माबाई दोन्ही हातांनी पोती ओरबाडत राहिल्या. चूक आपली, आणि नवऱ्याचा हात इंदूबाईंच्या हातात. त्यांना कुठं तोंड लपवावं ते कळेना.

समोरून इंदूबाईंचा आवाज आला, "अवं माय, टाकी खाली झाली! नळ तं उद्याच येईन. कोनाकडे पानी हाये का वं?"

रुख्माबाईंच्या अंगणात दुसऱ्या हातासाठी राखलेली भरली बादली होती. बरं झालं, असं पहिल्यांदा त्यांच्या मनात आलं. आलं खरं, नाकारून काय उपयोग? मग बाबनरावांच्या श्वासाची शिट्टी रस्त्यापलीकडून ऐकू आली आणि त्यांनी बादली उचलली.

त्या फाटकातून त्या पहिल्यांदाच आत गेल्या. वाकून टाकीत पाणी ओतताना बादलीचा एक थेंब बाबनरावांच्या पायावर पडला. पंख्याचा फवारा पुन्हा सुरू झाला. तुषार अंगावर आले, हळूहळू वर चढलेला श्वास खाली बसला. डोळे मिटलेलेच ठेवून बाबनराव हसले.

"लय बरं वाटलं, इंदूबाई."

इंदूबाई चपापल्या. "अवो भाऊ, मी नाई, हे तं..."

रुख्माबाईंनी ओठावर बोट ठेवलं.

"बसा नं रुख्माबाई, खुर्ची हाये," इंदूबाई हळूच म्हणाल्या.

"नाई. माह्यं आंगन रायलं."

घरी येऊन त्यांनी बादली कलंडवून पाहिली. तळाशी तांब्याभर पाणी उरलं होतं. तेवढ्यात काही अंगण गार होणार नव्हतं. त्यांनी ते पडवीत ओतलं. पाणी घरंगळत जाऊन मागाच्या खचलेल्या जागी साचलं. रुख्माबाई कडेला टेकल्या, लुगडं जरा वर घेतलं आणि त्या पाण्यात पाय सोडून बसल्या.