लग्न आधी, ओळख मागून

मी एक सिनेमा बोलतोय. पत्र्याच्या पाच डब्यांत राहणारा, काळापांढरा आणि स्वभावाने जरा खुळा. माझ्यात एक श्रीमंत पोरगी बकरीसकट मांडवातून पळते, एका तिरसट वैद्याच्या मोटारीत बसते आणि दोघं एकमेकांना खोटी नावं सांगून भांडत राहतात.

जन्म माझा मुंबईचा, पण हयात गेली अहमदपूरच्या बाजूला. फिरत्या टॉकीजवाले शंकरप्पा मला गावोगाव तंबूत दाखवायचे. पहिल्याच खेळाला त्यांनी घाईत तिसऱ्या रिळाच्या जागी चौथं लावलं. झालं! दोघांचं लग्न आधी लागलं आणि नाव-गाव विचारणं मागून आलं. मी शरमेनं अर्धा झालो. तेवढ्यात बायकांच्या बाजूला कुणीतरी उचकी लागल्यासारखं हसलं आणि ओरडलं, "बराबर हाय की! आमच्याकडं लग्न आधी अन् वळख मागूनच असती!" सगळा तंबू हसला.

ते हसू लक्ष्मम्मांचं. शंकरप्पांनी ते शोधून काढलं आणि वर्षाच्या आत लक्ष्मम्मा त्यांच्या घरी नांदायला आल्या. तेव्हापासून माझी रिळं कधीच सरळ क्रमाने लागली नाहीत.

पुढे तंबू उठला आणि मी माळ्यावर गेलो. चार वर्षांपूर्वी लक्ष्मम्मा वारल्या. माझी फीत आता आकसलीय, आंबूस वास मारते. मशीनवर चढलो तर एखादा खेळ निघेल, पुन्हा नाही. शंकरप्पांना हे ठाऊक होतं, म्हणून ते मला हात लावत नव्हते.

गेल्या रविवारी त्यांची नात रुद्राणी लातूरहून आली.

"आप्पा, आज्जीचा सिनेमा दावा की."

"तुटंल पोरी. मग काय उरंल?"

"डब्यात ठिवून तरी काय उरून राहिलंय?"

दुपारी त्यांनी खिडकीला वाकळ टांगली. उजेडाच्या पट्ट्यात धूळ सावकाश तरंगू लागली, भिंतीवर माझी बकरी चालू लागली. मी तंबूत आहे की घरात, मला कळेना. सगळं फार गोड वाटत होतं.

पण रुद्राणी हसेना. वैद्याने पोरीला उचलून मोटारीत टाकलं, तेव्हा म्हणाली, "ह्याला कुणी सांगितलं? लई आगाऊ हाय." पन्नास वर्षांत मला हे कुणी सुनावलं नव्हतं. खजील झालो. पण लगेच पोरीने मोटार पळवली, वैद्य रस्त्यात बकरीपाशी उरला, आणि रुद्राणीने हातातला मोबाइल खाली ठेवला.

मग चौथं रीळ लागलं. अक्षता पडल्या. त्यामागून तिसरं. वैद्यबुवा हात जोडून म्हणाले, "बाई, आता खरं नाव तरी सांगा!"

रुद्राणी हसली. आधी एक उचकी, मग सगळं हसू. शंकरप्पांनी मशीनवरचा हात काढला आणि वळून बघितलं. तेवढ्यात माझी फीत अडकली आणि मी तुटलो. भिंत पांढरी झाली.

"आप्पा, तुटला ना!" ती अजून हसतच होती.

"तुटू दे," शंकरप्पा म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. "तू हास बाई. थांबू नको."

उरलेली गोष्ट त्यांनी तोंडाने सांगितली, बकरीच्या आवाजासकट.

आता मी परत डब्यात आहे, तुकड्यांत. मला चिकटवत बसू नका, मी खुशाल आहे. कुणी विचारलं तर माझी गोष्ट सांगा. फक्त सांगताना चौथं रीळ आधी लावा.