ब्रेकला तेल

"काल ब्रेक जुळवून दिलास आन् आज लारी चरीत? भरमू, तुझं हात हाईत का खुरपी?"

यल्लाप्पा रस्त्याच्या मधोमध उभा राहून ओरडत होता. तवंदी घाट उतरताना त्यानं ब्रेक दाबला आणि त्याची छोटी लारी डावीकडे ओढली जाऊन चरीत घुसली. तंबाखूची बोदं रस्त्यावर लोळत होती. लारीत त्याची म्हातारी आई मनुबाईही होती. नशीब थोर, कुणाला खरचटलंसुद्धा नाही. भरमूला निपाणीहून बोलावून आणलं, तोवर गाड्या थांबून बघ्यांचा बाजार भरलेला.

भरमू म्हणजे ब्रेक, असं सगळ्या निपाणीत समीकरण. बेळगावच्या कॅम्पात साहेबांच्या मोटारी पुसता पुसता ही विद्या त्यानं उचललेली. 'भरमूनं हात लावलाय' म्हटलं की ड्रायव्हर निर्धास्त घाट उतरायचे. वीस वर्षं कमावलेलं नाव ते! आणि आता त्याच्याच तोंडावर लोक कुजबुजत होते.

भरमूनं लारी वर ओढून घेतली, पुढचं उजवं चाक काढलं, ड्रम उतरवला आणि आत बोट फिरवून नाकाशी नेलं. एरंडेल! चांगलं पळीभर असावं.

त्यानं मान वर केली. मनुबाई पदराचं टोक चावत उभी होती. काल खंडेनवमी झालेली, लारीच्या कपाळावर हळदीकुंकू तसंच होतं. भरमूला सगळं उमगलं. बोललो तर नाव वाचतंय, पण हा तापट गडी चारचौघांत आईला फाडून खाईल. शेवटी तो एवढंच म्हणाला, "आत तेल गेलंय. जुळवणी माझी चुकल्याली न्हाय."

"तेल काय आपल्या पायानं गेलं व्हय?" यल्लाप्पा उसळला.

"मी घातलं," मनुबाई म्हणाली. "पूजेला लारी पुढं घेतलास तवा चाक कुरकुरत हुतं. चाळीस वर्सं बैलगाडीच्या चाकाला तेल घातलंय मी. माझं तेल घेऊन कंदी गाडी पडली न्हाय. ड्रमला भोक दिसलं, वतलं."

बघे खो खो हसले. यल्लाप्पाचा चेहरा लालबुंद झाला. भरमू मात्र हसला नाही. त्यानं म्हातारीला हाताला धरून जवळ बसवलं आणि यल्लाप्पाला पेडल दाबायला लावलं.

"बघा आक्का. पेडल दाबलं की ही सळई वडती. सळईनं ही कळ फिरती, आन् हे दोन शू फाकून ड्रमला आतनं घासत्यात. घासलं तरच चाक थांबतंय. बैलगाडीचं चाक फिरावं म्हणून तेल. हितं तेल पडलं की घासायचंच ऱ्हातंय. उजवं सुटलं, डाव्यानं एकट्यानं धरलं, मंग लारी डावीकडंच जाणार की."

"आगं बया! लगामालाच लोणी लावलं म्हण की मी."

"व्हय. पर भाव चांगला हुता तुमचा."

त्यानं ड्रम पेट्रोलनं पुसला, दोन्ही पुढच्या चाकांच्या शूंना नवे पट्टे ठोकले. एकाच बाजूला नवं बसवून भागत नाही. मग चारी चाकं उचलून, हातानं फिरवून, सळयांचे नट अर्धा अर्धा आटा घेत तासभर जुळवणी केली. उन्हानं पाठ भाजत होती, पण गडी उठला नाही.

"चल, बस," तो यल्लाप्पाला म्हणाला. यल्लाप्पाचा पाय काही उचलेना. बघे मागे सरले.

मनुबाईच पदर खोचून लारीत चढली. "भरमूनं हात लावलाय न्हवं? मंग मी बसतो."

भरमूनं लारी वर नेली आणि त्याच उतारावरून खाली सोडली. पाच वेळा ब्रेक दाबला, पाचही वेळा लारी सुतात धरल्यासारखी सरळ उभी राहिली. खाली उतरून भरमूनं चारी ड्रमना तळवा लावत लारीला एक फेरी घातली.

"आक्का, हात लावून बघा."

मनुबाईनं हा ड्रम चाचपला, तो चाचपला. "सारखंच कोमट हाय की रं समदं!"

"मंग चारी चाकं सारखीच धरत्यात. जुळलं."

भरमू पाने-पकडी गोळा करू लागला. यल्लाप्पा कुणाकडे न बघता पुढे झाला, उजव्या चाकाशी वाकला आणि त्यानंही ड्रमवर हात ठेवला. बराच वेळ त्यानं तो काढला नाही.