एम्बांची पहार आणि तीन बादल्या पाणी

बांधावर सकाळपासून पाय ठेवायला जागा नव्हती. केदुंगसोनोचं अख्खं गाव वर चढलं होतं: म्हातारे, लेकुरवाळ्या, शाळा बुडवून आलेली पोरं. उकडलेल्या शेंगा विकणारीने तर तिथेच दुकान थाटलं होतं. मधोमध काळा सदरा घालून, डोक्याला फडकं गुंडाळून, हातात लोखंडी पहार घेऊन उभे होते एम्बा क्रोमो. एम्बा म्हणजे आजोबा. ते गावात कुणाचेही आजोबा नव्हते, पण त्यांचं नुसतं नाव घ्यायची कुणाची छाती नव्हती.

"मागचा बांध का फुटला?" एम्बा गरजले. "कारण जमिनीला कुणी विचारलंच नाही! मी विचारलं. ती म्हणाली, क्रोमो, मला रेड्याचं डोकं दे. पुरलं! म्हणाली, सात फुलांचं पाणी शिंपड. शिंपडलं! आता बघा!"

बाजूला मातीचा ढीग होता. एम्बांनी त्यात पहार खुपसली. ती लोण्यात गेल्यासारखी अर्धी आत गेली.

"ही न मंतरलेली. आणि ही मंतरलेली!" म्हणत त्यांनी बांधाच्या माथ्यावर पहार आपटली. ठण्ण आवाज झाला आणि पहार उसळून परत आली.

गर्दीतून 'आँ' असा आवाज उठला. एका म्हातारीने तिथली माती उचलून नातवाच्या कपाळाला लावली.

कुस्तिनाह मात्र एम्बांकडे बघत नव्हती. ती आपल्या चपलांकडे बघत होती. तालुक्याच्या प्रयोगशाळेत माती तपासण्यात तिची बावीस वर्षं गेली होती. भरावावरून चालताना पायाला इतका फुफाटा लागतो म्हणजे काहीतरी गडबड आहे, हे तिला कळत होतं. शिवाय या बांधाच्या अहवालावर सही तिचीच होती.

तिच्या शेजारी उभी असलेली थोरली बहीण सार्मी मध्येच हात जोडत होती, मध्येच डोळे पुसत होती. तिचं घर बांधाच्या अगदी पायथ्याशी. सात वर्षांपूर्वी जुना बांध फुटला तेव्हा तिचा नवरा गोठ्यातली म्हैस सोडायला गेला, तो परत आलाच नाही. आता त्याच घरात ती, तिची सून आणि दोन नातवंडं राहत होती. येत्या शुक्रवारी, चांगला दिवस बघून, तलावात पाणी सोडायचं ठरलं होतं.

"पाण्याचा टँकर दिसत नाही कुठे?" कुस्तिनाहने ठेकेदाराच्या माणसाला, पाक हार्तोनोला, विचारलं. "माती ओलवून दाबायची असते ना?"

"एम्बांची मनाई आहे, बू कुस," तो हसून म्हणाला. पाक म्हणजे साहेब, तसं बू म्हणजे बाई. "ओलं केलं की जमिनीला सर्दी होते म्हणे. कामगार घाबरतात हो, मी काय करणार?"

जमिनीला सर्दी! आणि त्या सर्दीपायी ठेकेदाराचे टँकर वाचले, माती सुकायची वाट बघायचे दिवस वाचले. देवांना माणसाच्या सोयीची इतकी काळजी असते, हे कुस्तिनाहला नव्यानेच कळत होतं.

घरी जाऊन तिने अहवालाची प्रत काढली. चार चाचण्या. प्रयोगशाळेत हीच माती घट्टात घट्ट दाबून बघितलेली असते. त्याला शंभर धरलं, तर बांधावर किमान पंच्याण्णव यावे लागतात. इथे आले होते सत्त्याण्णव, सत्त्याण्णव, सत्त्याण्णव आणि सत्त्याण्णव. बावीस वर्षांत मातीने तिला असं पाठ केलेलं उत्तर कधी दिलं नव्हतं.

आणि मग तिला आठवलं, त्या चार जागा कुणी दाखवल्या होत्या ते.

विहीर खणायची असो की खांब रोवायचा, आधी तिथल्या जाणत्याची परवानगी घ्यायची, ही इथली रीत. कुस्तिनाहच्या अंगात ती लहानपणापासून मुरलेली. चाचणीसाठी खड्डे घ्यायला ती गेली तेव्हा तिनेही वाकून विचारलं होतं, "एम्बा, कुठे खणू?" एम्बांनी केळीच्या पानावर फुलं ठेवलेल्या चार जागा दाखवल्या. "इथेच खण, बाई. दुसरीकडे हात लावलास तर जमीन कोपेल." तिने मान तुकवली आणि तिथेच खणलं. ज्याला तपासायचं त्यालाच जागा विचारली! स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली तिला.

ती तशीच सार्मीकडे गेली. सार्मी चुलीपुढे केळी तळत होती.

"यू," कुस्तिनाह म्हणाली. थोरल्या बाईला गावात यूच म्हणत. "शुक्रवारी पोरांना घेऊन माझ्याकडे राहायला ये."

"का? शुक्रवारी तर जेवण आहे बांधावर."

"मला त्या बांधाचा भरवसा वाटत नाही."

सार्मीने झारा आपटला. "चार बुकं शिकलीस म्हणून एम्बांवर संशय? माझ्याकडून एक दाणा घेतला नाही त्यांनी."

"तुझ्याकडून नसेल घेतला. ज्याने टँकर वाचवले त्याच्याकडून?"

"आणि सही कुणाची आहे गं त्या कागदावर? एम्बांची?"

कुस्तिनाह उठून चालू लागली. मागे कढईतली केळी करपली होती.

शुक्रवारी बांधावर पिवळ्या भाताचा डोंगर रचला होता. पाणी सोडायच्या दरवाज्यापाशी गावप्रमुख पाक दार्सोनो नवी टोपी घालून उभे होते. तेवढ्यात कुस्तिनाह कुदळ आणि तराजू घेऊन वर आली.

"पाक, पाणी सोडण्याआधी मला आणखी एक चाचणी घ्यायची आहे."

"अहवाल झालाय की," हार्तोनो मध्ये पडला. "तुमचीच सही आहे, बू."

"म्हणूनच आलेय."

"बाई!" एम्बांनी पहार उगारली. "मी दाखवलेल्या जागा सोडून कुदळ मारलीस तर जमीन कोपेल!"

"एम्बा, आज या जमिनीवर दोन माणसं उंच पाणी टेकणार आहे. ते दिवसरात्र रेटणार. एका कुदळीने कोपणारी जमीन ते कसं सोसणार?"

शेंगावाली फिस्सकन हसली आणि तिने लगेच तोंडावर हात ठेवला.

"बरं, नाही मारत कुदळ," कुस्तिनाह म्हणाली. "तुमचीच पहार मारा. इथे."

एम्बांनी जोर लावून पहार मारली. ठण्ण! लोकांनी माना डोलावल्या.

"वा. आता इथेच तीन बादल्या पाणी ओतू."

"पाणी नाही!" एम्बांचा आवाज एकदम चिरकला.

"का हो? तलावाचा बांध आहे ना हा? का सुकट वाळत घालायची जागा आहे?"

आता मात्र दहा-वीसजण हसले. पाक दार्सोनोंनी टोपी सारखी केली, एम्बांकडे बघितलं, मग गावाकडे. "ओता," ते म्हणाले.

मातीचं छोटं आळं करून तीन बादल्या ओतल्या. पाणी साचलंच नाही. गुडगुड बुडबुडे आले आणि ते आत गेलं. सगळ्यांचा चहा पिऊन होईपर्यंत तिथली जमीन वीतभर खचली होती. कडेने भेग पडली होती.

"मारा आता पहार, एम्बा."

एम्बा म्हणाले, मुहूर्त टळला.

गर्दीतून सार्मी पुढे आली. तिने त्यांच्या हातातून पहार ओढून घेतली आणि त्या ओल्यात टेकवली. जोर लावायचीही गरज पडली नाही. पहार खाली गेली, तिच्याबरोबर सार्मी वाकत गेली, आणि शेवटी तिचे दोन्ही हात चिखलाला टेकले. ती तिथेच बसली. बसल्या जागेवरून तिला आपल्या घराचं छप्पर दिसत होतं.

"सांग," ती बहिणीला म्हणाली. "सगळं नीट सांग."

कुस्तिनाहने ओल्याच्या शेजारीच कोरड्यात कुदळ घातली आणि कापलेली बाजू सगळ्यांना दाखवली. वरचा वीतभर थर उन्हाने आणि रोलरने विटेसारखा झालेला. त्याखाली कंबरभर माती सुटी. बोट लावलं की भुरभुरत होती.

"रोलरचं वजन वीत-दीड वीतच खाली पोचतं. म्हणून माती पातळ थरांत घालायची, प्रत्येक थर दाबायचा, मग पुढचा. यांनी कंबरभर माती एकदम ओतली आणि वरून रोलर फिरवला. एम्बांची पहार या वरच्या पापडावर आपटत होती. आणि कोरडी माती दाबली तरी कण एकमेकांत बसत नाहीत. कोरड्या पिठाचा गोळा होतो का? बेताचं पाणी लागतंच. ते बाहेरून आपण घातलं नाही, तर तलाव घालतो. तेव्हा बांध खचतो."

"मग तुमच्या चार जागा बऱ्या निघाल्या त्या कशा?" पाक दार्सोनोंनी विचारलं.

उत्तर मागून आलं. रोलर चालवणारा तुकिरन मान खाली घालून उभा होता. "तिथे आमच्याकडून पातळ थर घालून घेतले, पाणी मारून. हाताच्या ठोकणीने. हार्तोनोसाहेब म्हणाले, तेवढ्याच चार जागा नीट करा. नंतर एम्बांनी तिथे फुलं ठेवली."

सगळ्यांनी वळून बघितलं तर हार्तोनोची गाडी उताराला लागली होती. एम्बांना मात्र गाडी नव्हती. ते भाताच्या डोंगराआड उभे राहून मंत्र पुटपुटत होते आणि या वेळी ते कुणीच ऐकत नव्हतं.

"माझंही ऐका," कुस्तिनाह म्हणाली. "ही फसवणूक माझ्या सहीने चालली असती. मला माती कळते, तरी मी जागा यांना विचारली, कारण तशी रीत आहे. जाणत्याला मान जरूर द्या. पण तपासणीची जागा त्याला निवडू देऊ नका. कुणीही चमत्कार दाखवला की एवढंच विचारा: जागा कुणी निवडली? मी निवडलेल्या जागी हाच चमत्कार होईल का? नाही म्हणाला, तर तिथून उठा आणि आपल्या पोराबाळांना घेऊन घरी जा."

पाणी सोडलं नाही. पिवळा भात मात्र सगळ्यांनी खाल्ला, तो वाया घालवण्यात काही शहाणपण नव्हतं.

बांध तळापर्यंत उकरून पुन्हा घालायला तीन महिने लागले. वीतभराचा थर, टँकरचं पाणी, रोलरच्या आठ फेऱ्या, आणि प्रत्येक थराला चाचणी. जागा गावातल्या बायका पाळीपाळीने दाखवत. एका दुपारी पाळी सार्मीची होती. तिने आपल्या घराच्या बरोबर वरची जागा दाखवली. कुस्तिनाहने खड्डा घेतला, माती तोलली, हिशेब केला.

"त्र्याण्णव."

"किती हवेत?"

"पंच्याण्णव."

"दोनच कमी आहेत ना, यू," रोलरवरून तुकिरन म्हणाला. "दोनाने काय होतंय?"

सार्मीने खाली आपल्या घराच्या छपराकडे बोट दाखवलं.

"माझा नवरा गेला त्या बांधावरही कुणीतरी असंच म्हणालं असेल," ती म्हणाली. "फिरव परत."