डावीकडचे शब्द

"हे तुझं ॲप शब्द खातंय," उस्तादांनी मोबाइल लेकीच्या पुढ्यात आदळला. "प्रत्येक ओळ मधूनच सुरू होते. शेंडा आहे, बुडखा नाही."

लेक इस्त्री करत होती. तिनं मान वाकवून चार ओळी घडाघडा वाचून दाखवल्या. "सगळं तर आहे, बाबा."

"तुझ्या हातात गेलं की शहाण्यासारखं वागतं."

"तुमच्यासारखंच," आतून बायको म्हणाली. "घरात एक, चारचौघांत एक."

उस्ताद हे काही त्यांचं नाव नव्हे. बांधकामांवर टॉवर क्रेन चालवण्यात त्यांची हयात गेली होती, आणि टनाचा बोजा झोपलेलं मूल ठेवावं तसा अलगद खाली ठेवतात म्हणून लोकांनीच त्यांना ही पदवी देऊन टाकली होती. जेवणाच्या सुट्टीत ते खाली उतरत नसत. शिडीची ती चढउतर गुडघ्यांना नको व्हायची. डबा खाऊन झाला की वरच्या त्या काचेच्या खोपटात उरलेला वेळ वाचत बसायचे. शाळा लवकर सुटली होती, वाचायची भूक सुटली नव्हती. पण वर नेटवर्क धड लागत नसे. म्हणून लेकीनंच ते ॲप घालून दिलं होतं: आवडलेला लेख घरी साठवायचा, वर जाऊन निवांत वाचायचा.

उस्तादांनी त्यात संसार मांडला. समुद्राचे लेख एका कप्प्यात, ग्रहताऱ्यांचे दुसऱ्यात, बुडालेल्या शहरांचे तिसऱ्यात. एका कप्प्याला त्यांनी 'कळायला जड' असं नाव दिलं होतं. वाचून व्हायचं थोडं, साठायचं फार. "नंतर वाचीन," ते म्हणत, "निवृत्त झाल्यावर काय करू मग?"

आणि आता ओळींची सुरुवात नाहीशी व्हायला लागली होती.

आधी त्यांनी काच पुसली. मग अक्षरं मोठी केली, तर मोठी अक्षरं गायब होऊ लागली. शेवटी एका सुट्टीच्या दिवशी दुसरंच ॲप घेतलं आणि दिवसभर बसून एकेक लेख तिकडे हलवला, जिथल्या तिथे कप्प्यात लावला. संध्याकाळी हात झटकून देवमाशाचा लेख उघडला. पहिल्या ओळीची सुरुवात नव्हती. दुसरीचीही नव्हती. डावीकडे नुसता पांढरा कागद, स्वच्छ, जणू तिथं कधी काही लिहिलंच नव्हतं.

घर बदललं होतं, पण भूत सामानाबरोबर आलं होतं.

या वेळी त्यांनी तक्रार केली नाही. मोबाइल पालथा घालून गप्प बसले. ते गप्प बसणं लेकीला बरं वाटलं नाही. तिनं खुर्ची ओढली आणि त्यांच्या समोर बसली.

"माझ्या नाकाकडे बघा. डोळे हलवायचे नाहीत. बोट दिसलं की सांगा."

"हा काय पोरखेळ?"

"बघा तर."

उजवीकडून बोट आलं. "दिसलं," उस्ताद लगेच म्हणाले. मग डावीकडची पाळी. ते वाट पाहत राहिले.

"आण की."

लेक आणखी पुढे सरकली.

"अगं, आण ना बोट!"

"बाबा," तिचा आवाज बारीक झाला होता, "कधीची हलवतेय मी."

बायको दारात उभी होती. तिला नेहमी काहीतरी सुचायचं. आज तिनं नुसता पालथा मोबाइल उचलून बाजूला ठेवला.

"उद्या रजा टाका," लेक म्हणाली. "डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊ."

"उद्या वरच्या मजल्याचं लोखंड चढवायचंय. ते होऊ दे."

"आणि कामावर सांगितलंत?"

"काय सांगू? ॲप बिघडलंय म्हणून?"

 

दुसऱ्या दिवशी ते नेहमीसारखे वर चढले. हवा अगदी पडलेली होती. खालच्या माणसांचे आवाज वर येईपर्यंत विरून जात होते. सळयांचा भारा हुकाला लागला आणि वॉकीटॉकीवर भोंग्याचा आवाज आला. भोंगा म्हणजे इशारे देणारा गडी; त्याच्या गळ्यापुढे वॉकीटॉकीची गरज नाही, असं सगळे म्हणत.

"घ्या उस्ताद, डावीकडं. निवांत."

भारा उचलला गेला, डावीकडे फिरू लागला. इमारतीमागच्या त्या कोपऱ्याला भोंग्याची नजर पोचत नव्हती. तिथं उस्तादांचेच डोळे. त्यांनी समोर नजर रोखून अंदाज घेतला. डावीकडची जमीन मोकळी होती. एकदम स्वच्छ, सपाट.

पण तिथं सिमेंट ठेवायची शेड असायला हवी होती. निळ्या पत्र्याची, सकाळीच तिच्यासमोरून ते आले होते. शेड नव्हती. अंधार नव्हता, डाग नव्हता. नुसती मातीच्या रंगाची जमीन, इस्त्री फिरवल्यासारखी.

हात आपोआप थांबला. त्यांनी मान वळवली. शेड आली. शेडच्या सावलीबाहेर पालथ्या घमेल्यांवर बसलेल्या बायका आल्या. एकीनं हेल्मेट काढून मांडीवर ठेवलं होतं, दुसरी तिच्या केसांतलं काहीतरी काढत होती. दोघी हसत होत्या. भारा त्यांच्या डोक्यावर यायला हातभर अंतर उरलं होतं आणि तो थांबूनही डुलतच होता.

उस्तादांनी भारा हळूच मागे आणला आणि होता तिथं उतरवला. जराही धक्का बसला नाही.

"काय झालं, उस्ताद? वारा आहे का?"

"नाही. क्रेनला दुसरा माणूस बघ. मी उतरतोय."

"सुट्टीला वेळ आहे अजून!"

"सुट्टीसाठी नाही रे."

शिडीची प्रत्येक पायरी त्यांनी आधी पायानं चाचपली, मगच वजन टाकलं. खाली साहेब आले होते. उस्तादांनी चावी त्यांच्या हातात दिली.

"माझी डावी बाजू गेलीय, साहेब."

साहेबांना नीट उमगलं नाही. "आज जरा बरं नसेल वाटत. उद्या बघू."

"उद्याही नको."

पलीकडे त्या बायका उठून घमेली उचलत होत्या. त्यांना कुणी काही सांगितलं नाही. भोंगा गेटपर्यंत सोडायला निघाला, आणि त्याला पहिल्यांदाच हळू आवाजात बोलताना सगळ्यांनी ऐकलं.

"हात धरू का?"

"नको. फक्त माझ्या डाव्या अंगानं चल."

दोघं चालू लागले. डाव्या हाताला खडीवर बूट वाजत होते. उस्ताद समोर बघत, त्या आवाजाला धरून चालत राहिले.